भिंतीपासून बारपर्यंत: वरच्या अंगाची ताकद पायरीपायरीने

व्यायाम सुरू करायचा ठरवलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी जमिनीवर हात टेकतात, कंबर खचवत कसेबसे पाच-सहा पुश-अप मारतात, दुसऱ्या दिवशी हात वर होत नाहीत म्हणून थांबतात आणि आठवड्याभरात विषय संपतो. यात जिद्द कमी पडलेली नसते. भार जास्त झालेला असतो. जमिनीवरच्या पुश-अपमध्ये हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग येतो. ७० किलोच्या माणसाला तो साधारण ४५ किलो पडतो. जिममध्ये नवीन आलेल्याला पहिल्या दिवशी ४५ किलोचा बार कुणी छातीवर देत नाही, पण जमिनीवर तेवढाच भार आपण विचार न करता घेतो.

डंबेल जड वाटलं तर हलकं घेता येतं. शरीराचं तसं नाही. पण त्यातलं किती वजन हातांवर येऊ द्यायचं हे मात्र आपल्या हातात असतं, आणि ते ठरतं शरीराच्या कोनावर. हात ६० सेंटिमीटर उंचीच्या आधारावर ठेवले तर हातांवर सुमारे ४० टक्के वजन येतं. ३० सेंटिमीटरवर ते ५५ टक्क्यांच्या आसपास जातं, जमिनीवर ६५ च्या जवळ, आणि पाय ३० सेंटिमीटर उंच ठेवले तर ७० टक्के. हातापायांची लांबी आणि अंगाची ठेवण यांनुसार हे आकडे थोडे पुढेमागे होतात, क्रम मात्र तोच राहतो. म्हणून नवशिक्याने ‘किती मारू?’ हे विचारण्याआधी ‘किती उंचीवर मारू?’ हे ठरवावं. पुढचं सगळं वेळापत्रक याच एका गोष्टीभोवती फिरतं.

हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हर्निया, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, पूर्वी निखळलेला खांदा किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि मगच पुढे वाचा.

गुडघे टेकून का नको

‘जमत नसेल तर गुडघे टेकून मारा’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो चुकीचा नाही, पण त्यात दोन अडचणी आहेत. गुडघे टेकले की माणूस आपोआप कमरेत वाकतो, पोट आणि पार्श्वभाग सैल सोडतो, आणि शरीर एका रेषेत धरून ठेवण्याची सवय लागत नाही. पुढे जमिनीवर आल्यावर नेमकी तीच सवय गरजेची असते. दुसरी अडचण अंतराची आहे. गुडघे टेकून साधारण निम्मं वजन हातांवर येतं, जमिनीवर दोन तृतीयांश, आणि या दोन्हींच्या मधे पायरीच नाही. कित्येक जण गुडघे टेकून २५-३० मारतात आणि जमिनीवर दोनही नीट होत नाहीत.

हात उंचावर ठेवून मारलेल्या पुश-अपमध्ये शरीराची रेषा पहिल्या दिवसापासून तीच राहते आणि भार हवा तसा बारीक बारीक वाढवता येतो. यासाठी जिन्याइतकं सोयीचं साधन दुसरं नाही. पायऱ्या साधारण १५ ते १८ सेंटिमीटरच्या असतात, सगळ्या सारख्या असतात आणि हलत नाहीत. जिना नसेल तर भिंत, स्वयंपाकघराचा ओटा, भक्कम टेबल, खुर्ची, पाट असा उतरता क्रम लावता येतो. खुर्ची भिंतीला टेकवूनच वापरा. चाकांची खुर्ची, काचेचं टेबल आणि पाय दुमडणारं टेबल या तिन्हींना हातही लावू नका.

सुरुवातीची उंची अशी ठरवा: ओट्याच्या उंचीवर, म्हणजे ८५-९० सेंटिमीटरवर, सावकाश आणि पूर्ण खाली जात ८ पुश-अप मारून बघा. सहज झाले तर पाच मिनिटं थांबून खुर्चीच्या बैठकीच्या उंचीवर, म्हणजे ४५ सेंटिमीटरवर, बघा. ज्या उंचीवर ८ नीट होतात आणि अजून दोन-तीनच झाले असते असं वाटतं, ती तुमची उंची. ओट्यावरही ८ होत नसतील तर भिंतीपासून सुरू करा. भिंतीवर मारताना हात छातीच्या उंचीला टेकवा आणि पाय हाताच्या लांबीपेक्षा वीतभर मागे ठेवा. भिंतीची लाज वाटून पायरी वगळणारे पुढे ओट्यावर अडकतात.

एक पुश-अप, जवळून

हात खांद्यांपेक्षा थोडे रुंद ठेवा, बोटं पसरा, मधलं बोट सरळ पुढे किंवा जरासं बाहेर वळलेलं. सगळा भार मनगटाजवळच्या टाचेवर पडू देऊ नका. तर्जनीच्या मुळाशी तळव्याचा जो उंचवटा असतो तो आधारात दाबा. एवढ्यानेही मनगटाची बरीच कुरकुर थांबते. पायरीवर मारत असाल तर तळवा पायरीच्या कडेवर येऊ द्या, म्हणजे मनगट काटकोनात दुमडत नाही.

आता पार्श्वभाग आवळा आणि कुणी पोटात बोट खुपसणार आहे अशा बेताने पोट घट्ट करा. टाचा, कंबर, खांदे आणि डोकं एका रेषेत हवं. नजर हातांच्या थोडी पुढे ठेवा. आरशात बघण्यासाठी मान वर करू नका, मानेबरोबर कंबरही खचते. त्यापेक्षा मोबाइल बाजूला ठेवून एका सेटचा, म्हणजे न थांबता सलग मारलेल्या एका खेपेचा, व्हिडिओ घ्या. कंबर सरळ आहे असं वाटणं आणि ती सरळ असणं यात पहिल्या महिन्यात बराच फरक असतो.

खाली जायला दोन ते तीन सेकंद घ्या, श्वास आत घेत. कोपरं धडापासून साधारण ४५ अंशांवर राहू द्या. वरून पाहिलं तर डोकं आणि दोन कोपरं मिळून बाणाच्या टोकासारखा आकार दिसला पाहिजे. कोपरं थेट खांद्यांच्या रेषेत बाहेर गेली तर खांद्याच्या पुढच्या भागावर ताण येतो आणि काही आठवड्यांत तिथे टोचायला लागतं. अगदी धडाला चिकटवायचीही गरज नाही, त्यात सगळं काम ट्रायसेप्सवर, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूवर पडतं.

छाती आधाराला टेकेपर्यंत, निदान बोटभर अंतर उरेपर्यंत खाली जा. उंच आधारावर कड कुठे टेकते ते बघा. ती छातीच्या खालच्या अर्ध्या भागाला टेकली पाहिजे. गळ्याजवळ येत असेल तर पाय आधाराच्या दिशेने थोडे पुढे घ्या, पोटाला लागत असेल तर मागे. ही तपासणी प्रत्येक नव्या उंचीवर एकदा करावी लागते.

वर येताना श्वास सोडा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो, आणि ज्यांना तो त्रास आधीपासून आहे त्यांच्यासाठी हे चांगलं नाही. हात सरळ झाले की तिथेच थांबू नका, आधाराला आणखी थोडं ढकला. पाठीवरची दोन चपटी, त्रिकोणी हाडं, म्हणजे खांद्याचे फरे, एकमेकांपासून लांब सरकल्याचं जाणवेल. या शेवटच्या दोन बोटं हालचालीत फऱ्याला बरगड्यांशी धरून ठेवणारा स्नायू काम करतो. खांदा धडधाकट राहण्यात त्याचा मोठा वाटा आहे आणि घाईत मारलेल्या पुश-अपमध्ये नेमका तोच वगळला जातो.

चुका तशा मोजक्याच. अर्ध्यावरून परत येणं ही सगळ्यांत महागात पडणारी. पुश-अपचा सर्वांत कठीण भाग तळाशी असतो. तो टाळला तर आकडा भराभर वाढतो, पण पुढची पायरी उतरलात की तळाशी ताकदच नसते. आधी कंबर आणि मग छाती वर येणं, म्हणजे सापासारखं उठणं, ही दुसरी. असं व्हायला लागलं की त्या उंचीवरचा सेट तिथेच संपला असं धरा. पुढचं मोजायचं नाही.

पायरी कधी उतरायची

दर वेळी तीन सेट, प्रत्येक सेटमध्ये ६ ते १२ वेळा. दोन सेटच्या मधे दीड ते दोन मिनिटं विश्रांती, पूर्ण दोन मिनिटं घेतलीत तरी बिघडत नाही. अर्ध्या मिनिटात पुढचा सेट सुरू केला तर दम वाढेल, ताकद नाही. प्रत्येक सेट ‘अजून दोन झाले असते’ अशा टप्प्यावर थांबवा. हात थरथरून कोसळेपर्यंत मारण्याने नवशिक्याला जास्त काही मिळत नाही, फक्त पुढचे सेट आणि पुढचा दिवस खराब होतो.

तिन्ही सेट १२-१२-१२ असे, आकार न बिघडता, व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी झाले की एक पायरी खाली उतरा. आकडा १२ वरून ७-८ वर येईल. यायलाच हवा, कारण भार वाढलेला असतो. पुन्हा १२ पर्यंत चढा, पुन्हा उतरा. एक पायरीही जास्त वाटली तर दोन उपाय आहेत. पहिला सेट खालच्या पायरीवर आणि उरलेले दोन वरच्या पायरीवर मारा, मग हळूहळू दुसरा आणि तिसराही खाली आणा. किंवा खालच्या पायरीवर न हलणारी जाड फळी ठेवून मधली उंची तयार करा.

वहीत तारीख, उंची आणि तिन्ही सेटचे आकडे लिहा. ‘चौथी पायरी: १०, ९, ७’ एवढं पुरे. हे लिहिलं नाही तर मागच्या वेळी काय झालं होतं ते कुणालाच आठवत नाही आणि माणूस त्याच उंचीवर महिनोन्‌महिने रेंगाळतो.

पहिल्या चार-सहा आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढल्यासारखी वाटते, पण आरशात फारसं काही दिसत नाही. या काळात वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसांची स्नायूंना कामाला लावण्याची क्षमता. स्नायूंचा आकार त्यामागून येतो आणि स्नायू हाडाला जोडणारे कंडरे सगळ्यांत सावकाश जुळवून घेतात. दुसऱ्या महिन्यात ‘मला आता कितीही जमेल’ असं वाटतं आणि कोपर किंवा खांदा दुखायला लागतो, त्याचं कारण बहुधा हेच.

जमिनीवर तीन सेट दहा-दहाचे झाले की पुढचे रस्ते बरेच आहेत: तळाशी दोन सेकंद थांबणं, खाली जायला पाच सेकंद घेणं, हात जवळ आणणं, पाय पायरीवर ठेवणं. एका वेळी एकच बदल करा.

ओढण्याचं काम

घरच्या व्यायामाची खरी उणीव इथे असते. ढकलायला जमीन पुरते, पण ओढायला धरण्यासाठी काहीतरी लागतं. म्हणून लोक छाती आणि ट्रायसेप्सचेच व्यायाम करत राहतात आणि पाठ, फऱ्यांमधले स्नायू, बायसेप्स (दंडाचा पुढचा स्नायू) आणि पकड मागे पडते. हिशेब साधा ठेवा. ढकलण्याचे जितके सेट, तितकेच ओढण्याचे.

सुरुवात उभ्याने ओढण्यापासून करता येते. जाड सुती चादरीच्या एका टोकाला मोठी गाठ मारा, गाठ दाराच्या वरून पलीकडे टाका आणि दार बंद करा. गाठ पलीकडे अडकते, चादर तुमच्याकडे लोंबते. दार कोणत्या बाजूला उघडतं ते इथे फार महत्त्वाचं आहे. ते तुमच्यापासून दूर उघडणारं हवं, म्हणजे तुम्ही ओढाल तेव्हा ते चौकटीत आणखी घट्ट बसेल. तुमच्याकडे उघडणाऱ्या दारावर हा प्रयोग केलात तर कडी सुटताच दारासकट पाठीवर पडाल. कडी लावा, घरातल्यांना सांगा, आणि आधी हळू भार देऊन बघा.

चादर दोन्ही हातांनी छातीच्या उंचीला धरा, पाय दाराजवळ न्या आणि हात सरळ ठेवून मागे झुका. आधी फरे एकमेकांकडे खेचा, मग कोपरं बरगड्यांना घासत मागे न्या, छाती हातांपर्यंत आणा, क्षणभर थांबा आणि तीन सेकंदांत परत जा. पाय दाराच्या जितके जवळ, तितकं शरीर आडवं आणि व्यायाम कठीण. आकडे पुश-अपसारखेच: तीन सेट, ६ ते १२. बहुतेकांची चूक अशी की ते खांदे कानांकडे उचलतात आणि नुसत्या दंडांनी ओढतात. मग दंड भरून येतात आणि पाठीला काहीच जाणवत नाही. मान लांब ठेवा, खांदे खाली.

कमरेच्या उंचीचा मजबूत आडवा बार मिळाला तर तो याहून उत्तम. बारखाली शिरा, हात सरळ ठेवून लोंबा, टाचा जमिनीवर, शरीर फळीसारखं ताठ, आणि छाती बारला लावा. कठीण गेलं तर गुडघे वाकवून तळपाय टेकवा. सोपं झालं तर बार खाली घ्या, म्हणजे शरीर जमिनीला समांतर होत जाईल. जड टेबलाची कड धरूनही हे होतं, पण कडेला लटकल्यावर टेबल कलंडणार नाही याची आधी खात्री करा.

लोंबकळण्यापासून पहिल्या पुल-अपपर्यंत

पुल-अप, म्हणजे बारला लोंबून हनुवटी बारच्या वर जाईपर्यंत स्वतःला ओढणं, हे वेगळं प्रकरण आहे, कारण त्यात जवळजवळ सगळं वजन हातांवर येतं. कोन बदलून ते कमी करता येत नाही. म्हणून इथे पायऱ्या वेगळ्या आहेत.

पहिली पायरी नुसतं लोंबकळण्याची. बार तळव्याच्या मध्यात न धरता बोटांच्या मुळाशी धरा, नाहीतर कातडी चिमटून घट्टे लवकर पडतात. अंगठा बारभोवती वळवा. १० सेकंदांच्या तीन खेपांपासून सुरू करा आणि ३० सेकंदांच्या तीन खेपांपर्यंत जा. पकड टिकत नसेल तर पायाखाली स्टूल ठेवून थोडं वजन पायांवर घ्या.

दुसरी पायरी फऱ्यांची. लोंबत असताना कोपरं अजिबात न वाकवता खांदे कानांपासून खाली खेचा. शरीर दोन-चार बोटंच वर येईल. दोन सेकंद धरा, सोडा. ५ ते ८ वेळा. दिसायला हे काहीच नाही, पण प्रत्येक पुल-अपची सुरुवात इथूनच होते, आणि हे न येणारा माणूस बारखाली नुसते पाय झाडत राहतो.

तिसरी पायरी वरून खाली उतरण्याची, जिमच्या भाषेत निगेटिव्ह. स्नायू भार उचलताना जेवढा पेलतो त्यापेक्षा जास्त भार खाली सोडताना पेलतो. म्हणून एकही पुल-अप न येणाऱ्यालाही सावकाश उतरणं जमतं. स्टुलावर चढा, तळवे आपल्याकडे वळवून बार धरा, हनुवटी बारच्या वर ठेवा, पाय उचला आणि तीन ते पाच सेकंदांत हात पूर्ण सरळ होईपर्यंत उतरा. मग पुन्हा स्टुलावर चढा. ओढत वर यायचं नाही. पहिल्या दिवशी ३ वेळांचे दोनच सेट. आठवड्यातून दोनदाच. उतरण्यावर ताबा सुटून धपकन खाली यायला लागलात की त्या दिवसापुरतं थांबा.

हे कमी वाटेल, पण वाढवू नका. निगेटिव्हने स्नायू दुखावतात ते इतर कोणत्याही व्यायामापेक्षा जास्त, आणि त्याचा पत्ता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागतो. पहिल्याच दिवशी हौसेने पन्नास-साठ मारल्यावर दंड टम्म सुजणं, कोपर सरळ न होणं आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होणं अशी लक्षणं दिसली तर ते नुसतं अंग दुखणं नव्हे. स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतली द्रव्यं रक्तात उतरलेली असू शकतात आणि त्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. त्याच दिवशी रुग्णालयात जावं.

एकेक करून ८-१० सेकंदांचे पाच निगेटिव्ह जमायला लागले की खालून वर जायचा प्रयत्न करा. तळवे आपल्याकडे असलेली चिन-अप आधी येते, कारण त्या पकडीत बायसेप्सची मदत जास्त मिळते. तळवे समोरच्या दिशेला असलेली पुल-अप त्यानंतर काही आठवड्यांनी. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण अर्ध्यात अडकतात. मग स्टुलावरून हनुवटी बारच्या वर नेऊन ५ ते १० सेकंद तिथेच धरून राहण्याचा सराव जोडा.

बारला अडकवलेल्या रबरी बँडमध्ये पाय ठेवून, त्याचा आधार घेऊनही सराव करता येतो. त्याची गोम एवढीच की बँड सगळ्यांत जास्त मदत तळाशी करतो, जिथे तो ताणलेला असतो, आणि वर गेल्यावर जवळपास नाहीच. म्हणून फक्त बँडवर अवलंबून राहिलेल्याची वरच्या टप्प्यातली आणि तळातली ताकद यांचं गणित जमत नाही. बँडबरोबर निगेटिव्ह ठेवाच.

वजन बरंच जास्त असेल तर आडव्या बारवर ओढण्यातच काही महिने घाला आणि निगेटिव्हची घाई करू नका. त्यात कमीपणा काही नाही. ९५ किलोच्या माणसाचं एक पुल-अप आणि ६० किलोच्या माणसाचं एक पुल-अप ही एकच कामगिरी नाही.

खांदे आणि डिप्स, थोडक्यात

जमिनीवर १० नीट पुश-अप होईपर्यंत खांद्यांसाठी वेगळं काही लागत नाही. त्यानंतर पाईक पुश-अप घ्या: कंबर उंच उचलून शरीराचा उलटा ‘व्ही’ करा आणि डोकं दोन्ही हातांच्या थोडं पुढे टेकेल असं खाली या, म्हणजे हात आणि डोकं मिळून त्रिकोण होईल. डोकं हातांच्या मधे सरळ खाली नेलं तर कोपरं बाहेर फाकतात.

डिप्स म्हणजे हातांवर भार घेऊन, कोपरं वाकवत अंग खाली-वर करणं. खुर्चीला पाठ करून मारायचे डिप्स आम्ही नवशिक्याला सुचवत नाही. त्यात दंड धडाच्या मागे खूप लांब जातो, हातांची जागा बदलून तो कोन फारसा सुधारता येत नाही आणि खांद्याचा पुढचा भाग ताणला जातो. ट्रायसेप्ससाठी हात जवळ ठेवलेले पुश-अप पुरेसे आहेत. डबल बारवरचे, म्हणजे दोन समांतर दांड्यांमधले, डिप्स चांगले, पण जमिनीवर १५-२० पुश-अप झाल्यावर, आणि दंड जमिनीला समांतर होईल तेवढंच खाली.

आठवडा कसा लावावा

आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं धरा. पहिली पाच-सात मिनिटं अंग तापवण्यात: हात गोल फिरवणं, मनगटं फिरवणं, हात सरळ ठेवून फक्त फरे जवळ-लांब करत भिंतीवर १० वेळा ढकलणं, आणि मग तुमच्या उंचीपेक्षा दोन पायऱ्या वर एक हलका सेट.

मुख्य भागात ढकलणं आणि ओढणं आलटून पालटून घ्या. पुश-अपचा एक सेट, दीड मिनिट विश्रांती, ओढण्याचा एक सेट, दीड मिनिट विश्रांती, अशा तीन फेऱ्या. छाती काम करते तेव्हा पाठ विसावते, त्यामुळे वेळ वाचतो. शेवटी लोंबकळणं, आणि २० ते ४० सेकंदांचे दोन प्लँक (कोपरं आणि पायांची बोटं टेकवून शरीर फळीसारखं ताठ धरणं). सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. निगेटिव्ह सुरू केल्यावर ते सोमवारी आणि शुक्रवारी ओढण्याच्या सेटच्या आधी घ्या, ताजे असताना, आणि त्या दिवशी ओढण्याचा एक सेट कमी करा. पायांचा व्यायाम या लेखाचा विषय नाही, पण तो सोडून देऊ नका.

खाण्यापिण्याबद्दल दोनच ओळी. रोज शरीराच्या प्रत्येक किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं बहुतेक निरोगी माणसांना पुरतात, मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून. आणि सात-आठ तास झोप.

कोणतं दुखणं कशाचं

व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायूंच्या मधल्या, मांसल भागात दोन्ही बाजूंना सारखं दुखतं, दाबल्यावर किंवा ताणल्यावर जाणवतं, आणि हालचाल सुरू केली की कमी होतं. ते ठीक आहे. हलकासा व्यायाम चालू ठेवला तरी हरकत नाही. सांध्यात, एकाच बाजूला, टोचल्यासारखं किंवा वरचेवर वाढत जाणारं दुखणं वेगळं.

मनगट दुखत असेल तर मुठीवर, षटकोनी डंबेलचे दांडे धरून किंवा पायरीच्या कडेवर मारा. तिन्ही प्रकारांत मनगट कमी दुमडतं. कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं बहुधा ओढण्याच्या व्यायामातून येतं. निगेटिव्ह दोन आठवडे बंद, ओढण्याचे सेट निम्मे, आणि पकड गरजेपेक्षा जास्त आवळत नाही ना ते बघा. खांद्याच्या पुढच्या भागात टोचत असेल तर कोपरांचा कोन तपासा, दोन पायऱ्या वर जा, आणि तरीही दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. हाताला मुंग्या येणं, बधिरपणा, किंवा छातीत दाब आणि घाम फुटणं यावर घरगुती उपाय करत बसू नये. छातीतल्या त्रासासाठी तर तात्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

आकडा हलत नसेल, किंवा खंड पडला तर

व्यायामाच्या लागोपाठ तीन-चार दिवशी आकडा जागचा हलत नसेल तर आधी झोप आणि दोन सेटमधली विश्रांती बघा. बऱ्याचदा कारण तिथेच सापडतं. ते ठीक असेल तर एक आठवडा सेट निम्मे करा, उंची तीच ठेवा, आणि मग पुन्हा सुरू करताना तीनऐवजी पाच सेट घ्या, पण प्रत्येकात दोन-तीन कमी मारा. ९-८-६ वर अडकलेला माणूस ६-६-६-६-६ सहज करतो. एकूण बेरीज २३ ची ३० होते आणि प्रत्येक आवर्तन स्वच्छ राहतं. तीनेक आठवड्यांनी पुन्हा तीन सेटवर या. काही अडचण नसली तरी दर पाच-सहा आठवड्यांनी असा एक हलका आठवडा घ्यावा, कंडरांना तो लागतो.

एक आठवडा चुकला तर जिथे सोडलं होतं तिथूनच धरा. दोन-तीन आठवडे गेले तर एक-दोन पायऱ्या वर जाऊन सुरू करा, पंधरा दिवसांत परत जागेवर याल. ताप येऊन गेला असेल तर अंगातली कणकण पूर्ण गेल्यावरच. निगेटिव्ह मात्र महिन्याहून मोठ्या खंडानंतर पुन्हा पहिल्या दिवसासारखेच: ३ वेळांचे दोन सेट, मग किमान दोन दिवस विश्रांती. सवय मोडलेल्या स्नायूंना ते पुन्हा नव्यासारखेच लागतात.